विजीने निरोप न्यायचं सोडलं

चार वर्षांपूर्वी उमाकांतची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, भुसावळहून मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही अंबत्तूरला व्यंकटरावांच्या घरातला मागचा पोर्शन भाड्याने घेतला. घेतला तो केवळ घरमालक मराठी आहेत म्हणून. मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. म्हटलं, भांडायची वेळ आली तर निदान समोरच्याला कळेल असं भांडता येईल. व्यंकटरावांचं घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिथे काढून मग इकडे आलेलं. सामान उतरत असताना सईबाई, व्यंकटरावांच्या पत्नी, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नीलमबाई, सामान उतरून झालें काय? कापी पिऊन जावा." मला हसू आवरेना. कापी म्हणजे कॉफी. ती प्यायले आणि माझं हसणं आपोआप थांबलं, कारण तसली कॉफी मी जन्मात प्यायले नव्हते.

भांडायचा माझा बेत मात्र फसला. त्या घरात तोंडाने भांडायची रीतच नव्हती. खाली थोरले व्यंकटराव, बँकेत नोकरीला. वरच्या मजल्यावर धाकटे श्रीवत्स, इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात टूलरूम सांभाळणारे. एक फाटक, एक जिना, पाण्याची टाकीसुद्धा एकच. आणि दोघा सख्ख्या भावांमध्ये तेव्हा पाच वर्षं एक शब्द नव्हता. कारण काय, तर अंगणातलं नारळाचं झाड. ते त्यांच्या आईने लावलेलं. व्यंकटराव मंत्रालयच्या मठात स्वामींच्या दर्शनाला गेले असताना एक नारळ श्रीवत्सांच्या स्कूटरवर पडला, आरसा फुटला आणि श्रीवत्सांनी माणूस बोलावून झाड तोडून टाकलं. परत आल्यावर व्यंकटरावांनी बुंधा पाहिला आणि म्हणाले, "विचारायला तोंड नव्हतें?" श्रीवत्स म्हणाले, "बघायला डोळे नव्हते?" झालं. एवढ्यावर पडदा. मला सईबाईंनी हे सांगितलं तेव्हा दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत असं वाटलं. आमच्याकडे असं झालं असतं तर दोन दिवस गल्ली दणाणली असती आणि तिसऱ्या दिवशी सगळे भरीत खायला बसले असते.

घरच्या बायकांचं काही बिनसलेलं नव्हतं. सईबाई आणि वरच्या श्रीदेवी, श्रीवत्सांच्या पत्नी, गच्चीवर बसून दुपारभर अप्पळम, म्हणजे पापड, लाटायच्या. भावांचं बोलणं तेवढं विजीमार्फत चालायचं.

विजी म्हणजे विजयलक्ष्मी, व्यंकटरावांची एकुलती एक मुलगी. मी आले तेव्हा नववीत होती. वयाच्या मानाने फार उंच, दोन घट्ट वेण्या, आणि आवाज इतका हळू की समोर उभं राहूनही दोनदा विचारावं लागायचं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागूनच जिना, त्यामुळे निरोपाची दोन्ही टोकं मला ऐकू यायची. खालून व्यंकटराव म्हणायचे, "विजी, काकाला सांग, उद्यां श्राद्ध, नऊला आचार्य येतात म्हणून. उशीर केला तर थांबणार नाहीं म्हणून सांग." विजी वर जाऊन सांगायची, "काका, उद्यां नऊला आचार्य येतात. अप्पा तुमची वाट बघतात." वरून उत्तर यायचं, "तुझ्या अप्पाला सांग, मला कॅलेंडर वाचतां येतें." आणि विजी खाली येऊन म्हणायची, "काका सरी म्हणतात." सरी म्हणजे ठीक.

एकदा मी तिला खिडकीतूनच पकडलं. "अगं, ते असं कुठे म्हणाले?"

"तसेंच नेलें तर अप्पाचें बी. पी. वाढतें, अक्का," ती म्हणाली. मला अक्का म्हणायची. मग जरा ऐटीत पुढे म्हणाली, "मीं नसलें तर हें घर मोडेल." चौदा वर्षांची पोर हे बोलते आणि त्यात तिला अभिमान वाटतो, याचा मला राग आला. पण राग तिच्यावर काढून काय उपयोग होता?

त्याच वर्षी तिच्या शाळेतल्या पी. टी. मिसनी वर्गावर्गांत फिरून उंच मुली वेचल्या आणि बॉल बॅडमिंटनच्या संघासाठी उभ्या केल्या. हा खेळ मी भुसावळला कधी पाहिला नव्हता. इकडे तो शाळाशाळांत. तमिळमध्ये त्याला पूपंदु म्हणतात. दोन्हीकडे पाच-पाच जणी, मधे उंच जाळं, आणि पिवळ्या लोकरीचा मोठ्या लिंबाएवढा चेंडू. टप्पा पडला की पॉइंट गेला. आधी पस्तीस करेल त्याचा गेम. पुढे दोघी, मधे एक, मागे दोघी. विजीला मागे टाकलं, कारण तिचा हात लांब होता आणि ती कधी कंटाळायची नाही. शाळेजवळच मी भाजी घ्यायची, म्हणून संध्याकाळी तिला स्कूटरवर परत आणायचं काम माझ्याकडे आलं, आणि मैदानाच्या कडेला पिशवी धरून बघता बघता मला त्या खेळाची चटकच लागली.

विजी चांगली खेळायची. मागच्या कोपऱ्यातून ती चेंडू असा उचलायची की समोरच्या मुली मान वर करून बघतच राहायच्या. पण तिच्यात एक खोट होती. मागच्या दोघींच्या मधोमध उंच चेंडू आला की कोणीतरी "नान", म्हणजे "मी", असं ओरडायचं असतं, म्हणजे दुसरी बाजूला होते. विजी कधी ओरडली नाही. ती बाजूला होऊन पाहुण्याला वाट द्यावी तशी चेंडूला वाट द्यायची. दुसऱ्या बाजूला कयल होती म्हणून निभावलं. कयलविळी एका बस ड्रायव्हरची मुलगी, काळीसावळी, बुटकी असूनही संघात घेतलेली, आणि तिचं "नान" रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायचं. मधले सगळे चेंडू तीच घ्यायची. दोन वर्षं असं छान चाललं.

अकरावीत दोघींचं फिसकटलं. विजीच्या रॅकेटच्या मुठीवरची पट्टी झिजून सटकत होती. कयलने एके दिवशी ती काढून नवी गुंडाळून ठेवली. विजीने रॅकेट हातात घेतली, मूठ पाहिली, आणि काय म्हणाली असेल? "विचारायला तोंड नव्हतं?" तमिळमध्ये म्हणाली, पण शब्द तेच. आणि त्यानंतर अबोला. घरची विद्या ती, दुसरं काय येणार होतं तिला?

तिसऱ्या आठवड्यात झोनची सेमीफायनल होती. मी गेले होते. तिसरा गेम, आम्ही एकतीस, त्या बत्तीस. समोरच्या मुलींनी ओळखलं होतं की मागच्या दोघी एकमेकींकडे बघत नाहीत, त्यामुळे प्रत्येक चेंडू मधोमध. मधे उभ्या असलेल्या गोमतीला दोघी पॉइंटच्या अधेमधे निरोप देत होत्या. विजी म्हणायची, तिला सांग मधला चेंडू तिचा. कयल म्हणायची, तिला सांग मला शिकवू नको. बिचारी गोमती मान वळवून वळवून हैराण. मग एक चेंडू आला, चांगला उंच, सावकाश, कुणीही घ्यावा असा. आणि विजी, जिचा आवाज दोन वर्षांत मैदानावर कोणी ऐकला नव्हता, ती जिवाच्या आकांताने ओरडली, "गोमती, अवळ एडुक्क सोल्लु!" म्हणजे, तिला घ्यायला सांग. आणि गोमतीने खरंच चेंडूकडे पाठ फिरवून कयलला तो निरोप दिला. चेंडू तिघींच्या मधे टुपकन पडला. अंपायर हसला. मीही हसले, आणि मग विजीचा चेहरा पाहून मला माझीच लाज वाटली. तो गेम गेला आणि त्या वर्षीची स्पर्धाही तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी पी. टी. मिसनी बाकी सगळ्यांना कडेला बसवलं आणि या दोघींना मागे उभं केलं. म्हणाल्या, "मी शंभर चेंडू मधोमध मारणार. दरवेळी एकीने ओरडायचं. दोघी ओरडल्या किंवा दोघी गप्प राहिल्या की पुन्हा एकपासून. आणि त्याआधी पोटात जे काही आहे ते एकमेकींच्या तोंडावर ओका. मला घाई नाही, माझी बस सहाला आहे."

आधी कयलने तोंड उघडलं. मला तोवर बऱ्यापैकी तमिळ कळायला लागलं होतं. ती म्हणाली, "त्या पट्टीमुळे आठवड्यात तुझे पाच चेंडू सटकले. सगळ्यांना दिसत होतं. तुला सांगायची सोय आहे का? तुला काही सांगितलं की तू मरतेस. म्हणून विचारलं नाही." विजी म्हणाली, "माझी रॅकेट होती." कयल म्हणाली, "आणि संघ कोणाचा होता?" मग जे सुरू झालं ते वीस मिनिटं. दोन वर्षांपूर्वीचं चपलेचं प्रकरण, कोणाच्या वाढदिवसाला कोण आलं नाही, कोणी कोणाला मुळमुळीत दहीभात म्हटलं, सगळं निघालं. कयल रडली. विजीचा आवाज फाटला. मी भाजीची पिशवी खाली ठेवून मनसोक्त ऐकलं, खोटं कशाला बोलू. एवढं माहेरी आल्यासारखं मला मद्रासमध्ये तोवर कधी वाटलं नव्हतं.

मग शंभर चेंडू. चौदावर चुकलं, एक्केचाळीसवर चुकलं, सत्तरवर चुकलं. सहाची बस गेली. मिसनी पुढची पकडली.

परत येताना स्कूटरवर विजी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, भांडण संपतें."

"म्हणजे?"

"चारला भांडलों. मग तिनें मला पाणी दिलें. तिच्या डब्यांतला चिंचेचा भात दोघींनी खाल्ला. संपलें." तिच्या बोलण्यात एवढं नवल होतं की मला स्कूटर बाजूला घ्यावी लागली. सतरा वर्षांची होत आलेली मुलगी, आणि भांडण संपू शकतं हे तिला आज कळत होतं.

तिथून पुढे ती बदलली. एकदम नाही, पण बदलली. मैदानावर तिचं "नान" आधी चिमणीएवढं यायचं, मग हळूहळू कयलच्या बरोबरीला आलं. चूक झाली तर हात वर करून "माझी" म्हणायला लागली, आणि कयलची झाली तर तेही तोंडावर सांगायला लागली. घरात फोन वाजला तरी "नान" ओरडून धावायची, तेव्हा सईबाईंना काळजी वाटायची की या आवाजाच्या मुलीला स्थळ कसं मिळणार. मी म्हटलं, "मिळेल, बहिरं बघू." सईबाई दोन दिवस माझ्याशी जरा कमी बोलल्या. बारावीत विजी संघाची कॅप्टन झाली.

निरोप मात्र ती अजून नेत होती. पण आता जिन्यावरून जाताना तिचा चेहरा आंबट व्हायचा.

आणि मग जुलैमधल्या एका सोमवारी श्रीवत्सांनी तिला जिन्यातच थांबवलं. मी डाळ फोडणीला घालत होते. ते म्हणाले, "विजी, अप्पाला सांग, आम्ही पुढच्या महिन्यांत आवडीला जातों. श्रीदेवीच्या आईच्या बाजूचा फ्लॅट रिकामा आहे. आतां इकडे नाहीं राहत म्हणून सांग." रोज जिन्यात भावाचं तोंड चुकवायचा त्यांना कंटाळा आला होता, हे श्रीदेवींनी मला आधीच सांगितलं होतं.

विजी म्हणाली, "नाहीं काका. हें मीं सांगणार नाहीं."

"काय म्हणून?"

"तुमचें तुम्ही सांगा."

एवढं बोलून ती सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली. "अक्का, मीं सांगितलें नाहीं तर ते न सांगतांच जातील काय?" त्या घरात कोणी इथल्या इथे तांबरमला निघालं तरी थोरल्यांना "येतों" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. मी तिला तेच सांगितलं. पण खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. निरोप नेला असता तर तिने तो नेहमीसारखा गोड करून नेला असता, व्यंकटराव "सरी" म्हणाले असते, आणि श्रीवत्स गेले असते. न नेला तर कदाचित मुकाट्याने गेले असते, आणि मग आयुष्यभर तिला वाटत राहिलं असतं की आपणच घर मोडलं. एवढं सगळं तिने एका "नाहीं" वर लावलं होतं. ती रात्रभर झोपली नाही, असं सईबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी व्यंकटराव म्हणाले, "काकाला सांग—" आणि विजी म्हणाली, "नाहीं अप्पा." त्यांना वाटलं पोरीला ताप आहे. सईबाईंना विजीने सगळं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मला कढी बघायची आहे." श्रीदेवी म्हणाल्या, "मला कांही ठाऊक नाहीं." शेवटी व्यंकटराव माझ्या दाराशी आले. "नीलमबाई, तुम्ही तरी जरा वर एक गोष्ट सांगतां काय?" मी म्हटलं, "अहो, मला तुमची मराठी नीट येत नाही." माझा फटकळ स्वभाव तिथे पहिल्यांदाच कामाला आला.

गुरुवारी रिकाम्या पुठ्ठ्याच्या पेट्या जिन्याने वर गेल्या. व्यंकटराव फाटकाशी उभे राहून बघत होते. कोणाला विचारावं ते त्यांना कळेना. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

शनिवारी जिल्ह्याची फायनल. दोघेही भाऊ आले. एक या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मी मधे. दोघांनी विजीला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. मधोमध चेंडू आला आणि विजी "नान" म्हणून ओरडत मागे धावली, तेव्हा व्यंकटराव दचकलेच. दुसऱ्या टोकाला श्रीवत्स उभे राहिले. तिसऱ्या गेममध्ये आमच्या मुली दोन पॉइंटनी हरल्या. विजीने समोरच्या पाचही जणींशी हात मिळवला, मग कयलशी तिथल्या तिथे, शेवटच्या चेंडूवरून, चांगलं खणखणीत भांडली, आणि मग दोघी गळ्यात गळा घालून दुसऱ्या नंबरच्या ट्रॉफीसोबत फोटो काढायला गेल्या. दोघे भाऊ ते बघत होते.

रविवारी सकाळी व्यंकटराव जिन्याच्या खालच्या पायरीवर पेपर घेऊन बसले होते. विजी दोरीवर मोजे वाळत घालत होती. श्रीवत्स पिशवी घेऊन वरून उतरले आणि भावाच्या पाठीशी येऊन थांबले, कारण पायरी अडलेली. व्यंकटराव पेपरमधून म्हणाले, "विजी, काकाला विचार, पेट्या कशाला म्हणून."

विजीने मोजा झटकला. "काका तुमच्या मागेंच उभे आहेत, अप्पा."

मी गॅस बंद केला.

"पेट्या कशाला?" व्यंकटराव म्हणाले. मागे न बघता, पण भावाला. आठ वर्षांनी.

"आवडीला जातों."

"कोणाला विचारून?"

"तूं माझ्याशीं बोलतोस काय, मग विचारूं?"

आणि बांध फुटला. झाड, आई, आईचं आजारपण, कोणी दवाखान्यात किती दिवस काढले, कोणी कोणाच्या लग्नात मान दिला नाही. शेजारचे गच्चीवर आले. सईबाई पदर सावरत मधे पडायला निघाल्या, तर विजीने हात आडवा धरला. "अम्मा, राहूं दे. अजून पोटांत आहे." श्रीवत्स ओरडत होते की स्कूटरचं काय घेऊन बसलास, झाड वाकलं होतं, विजीच्या खोलीवर आलं असतं, पोर तिथे झोपायची. व्यंकटराव म्हणाले, "मग हें त्या दिवशीं कां नाहीं सांगितलेंस?"

"तूं विचारलेंस कुठें? एक वाक्य बोललास आणि आंत गेलास."

"तूं तरी काय बोललास?"

त्यावर दोघेही थांबले. दमले होते. श्रीवत्सांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "तर आम्ही पुढच्या महिन्यांत जातों. सांगायचें होतें, सांगितलें."

व्यंकटरावांनी सवयीने विजीकडे तोंड केलं. "विजी, काकाला सांग..." म्हणाले आणि पुढचं त्यांना येईना. विजी त्यांच्याकडे बघत उभी राहिली. पुढे झाली नाही आणि नजरही काढली नाही. मग व्यंकटराव पायरीवर वळले, मान वर करून त्यांनी भावाकडे पाहिलं.

"श्रीवत्सा, जाऊं नको."

श्रीवत्सांनी पिशवी जमिनीवर ठेवली आणि भावाच्या शेजारी, त्या अरुंद पायरीवर, अंग चोरून बसले. व्यंकटराव जरा सरकले.

विजी माझ्या स्वयंपाकघरात आली. मला वाटलं हसेल. तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि हुंदके देत रडली, आणि मीही तिच्यासोबत. मग नाक पुसत म्हणाली, "अक्का, आतां मला कोणाचें कांही न्यायचें नाहीं."